डाव माझा, दम सुभेदारांचा

फुटबॉलच्या प्रशिक्षकाचं नेमकं काम काय, हा प्रश्न मला आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा माझ्या सासऱ्यांनी विचारला. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर विचारायचे. मी दर दिवाळीला चकली हातात धरून समजावून सांगायचो आणि सगळं शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणायचे, "म्हंजे पळायचं पोरांनी आन् वरडायचं तुमी." मला भयंकर राग यायचा. सासरे आता नाहीत. त्यांचं म्हणणं निम्मं तरी बरोबर होतं, हे मला गेल्या हंगामात, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पटलं. ते कसं पटलं, त्याचीच ही हकिगत.

मी मूळचा चित्रकलेचा मास्तर. कराडजवळच्या एका हायस्कुलात तीस वर्षं पोरांकडून फुलदाण्या काढून घेतल्या. संध्याकाळी मलकापुरात आमच्या मंडळाच्या फुटबॉल संघाला शिकवायचो, तेही बावीस वर्षं. कोल्हापुरात चित्रकला शिकायला होतो तेव्हा या खेळाचं वेड लागलं. वेड बघण्याचं. खेळाडू म्हणून मी अगदी सुमार होतो, कारण पळण्याचा मला लहानपणापासून कंटाळा. एसटी चुकली तरी चालेल, पण तिच्यामागे पळणार नाही, असा माझा बाणा. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ तिथं आहे.

ज्यांनी फुटबॉल बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मैदान चांगलं दीड-पावणेदोन एकराचं, एका बाजूला अकरा माणसं, दीड तासाचा खेळ. नवशिक्या संघात चेंडू जाईल तिकडे गुळाच्या ढेपेवर माश्या जमाव्यात तशी सगळी जमतात. प्रशिक्षकाचं काम म्हणजे त्यातल्या नऊ-दहा जणांना 'चेंडूकडे जाऊ नका' हे पटवणं. पोरं कागदभर डोंगर काढतात, तेव्हा मी म्हणायचो, बाबांनो, आभाळाला जागा ठेवा. मैदानातही मी तेच सांगायचो. रिकामी जागा बघा, तिथं जाऊन उभे राहा, चेंडू येईल. यासाठी माझ्याकडे एक पाट होता आणि चिंचोके होते. आमचे चिंचोके घासून पांढरे केलेले, समोरच्यांचे तसेच काळे. त्या पाटावर मी असे असे डाव रचले आहेत की सांगता सोय नाही. पाटावर आम्ही कधीही हरलो नाही.

मैदानावर मात्र हरायचो. पाचगणीला एका निवासी शाळेच्या संघाशी मैत्रीचा सामना खेळायला गेलो होतो. समोर मिसरूड न फुटलेली पोरं, आमचे सगळे बाप्ये. पहिल्या अर्ध्यात माझे डाव असे जमले की आम्ही दोन गोलांनी पुढं. मध्यंतरात त्या पोरांनी एकेक केळं खाल्लं, आमच्यांनी दोन-दोन वडापाव. दुसऱ्या अर्ध्यात त्यांनी पाच गोल केले. शेवटी शेवटी आमचा एक बचावपटू रेषेबाहेर बसून स्ट्रॉबेरी खात होता. मी ओरडलो तर म्हणाला, "सर, माजी जागा हितनं दिसतीया की. कुणी आलं तर जातो." उतरताना मी सगळ्यांना सांगितलं की उंचावर दम लागतोच, हवेचा दोष आहे. आणि मला स्वतःलाही ते खरं वाटलं.

आता दोन माणसांची ओळख करून देतो, म्हणजे पुढं घोळ होणार नाही. एक पोपट, आमचा गोलरक्षक. पहाटे दूध गोळा करण्याचं काम. अंगानं असा की गोलात उभा राहिला की निम्मा गोल आपोआप बंद. दुसरा अस्लम मुलाणी, आमचा कप्तान आणि गोल करणारा गडी. गॅरेजात गाड्यांचे पत्रे ठोकायचं काम करतो. माझ्या डोक्यातला डाव पायात उतरवणारा आजवर तो एकच भेटला.

याच अस्लमला मी चार वर्षांपूर्वी चारचौघांत घालून-पाडून बोललो होतो. एका स्पर्धेचा शेवटचा सामना, शेवटची मिनिटं, बरोबरी. अस्लमनं उजवीकडे असायला हवं होतं आणि तो मधेच थांबला. चेंडू मोकळ्या जागेतून बाहेर गेला, पुढच्या मिनिटाला आम्ही गोल खाल्ला. मी मैदानात शिरून सगळ्यांसमोर ओरडलो, "जागा सोडलीस! बावीस वेळा सांगितलं होतं!" तो पोटरी धरून खाली बसला होता.

गेल्या वर्षी आमच्या मंडळाचे अध्यक्ष आबा माझ्या घरी आले. आबा म्हणजे ऊसवाले, आमचं मैदान त्यांच्याच जमिनीवर. चहा झाला, पण बशी खाली ठेवेनात. मग म्हणाले, "सर, सरळच सांगतो. यंदा आपुन वरच्या गटातनं खाली घसरलो, तर म्या मोठ्यांचा संघ बंद करणार. मंगल कार्यालयवाले गाड्या लावायला मैदान मागत्यात. मला तरी कुटवर न्हाई म्हणता यील?"

जिल्ह्याच्या वरच्या गटात आठ संघ, शेवटचा खाली जातो. आम्ही दोन वर्षं सातवे येत होतो. मी म्हटलं, "आबा, नवीन डाव रचलाय."

"डाव ऱ्हाऊ द्या. म्या माणूस आणलाय."

आणलेला माणूस म्हणजे सुभेदार पवार. सैन्यात अठ्ठावीस वर्षं, त्यातली बरीचशी रंगरुटांना कसरत शिकवण्यात. चोपन्न वर्षांचे, अंगावर एक तोळा जादा मांस नाही. ते नवे व्यवस्थापक, आणि मी सल्लागार. सल्लागार म्हणजे ज्याला खुर्ची मिळते आणि चहाही मिळतो. बाकी काही विचारलं जात नाही.

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला मैदानावर बोलावलं. बावीस वर्षांत मी मैदानावर उगवता सूर्य बघितला नव्हता. सुभेदारांनी पोरांना ओळीत उभं केलं. मला वाटलं, आता विचारतील कोण कुठं खेळतो. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येकाला एकच विचारलं, "काल सांजच्याला काय खाल्लंस? आन् आत्ता काय खाऊन आलायस?"

अस्लम म्हणाला, "आत्ता चा."

"आन् सामन्याच्या दिवशी?"

"गॅरेजातनं सुट्टी न्हाई भेटत साहेब. चा-खारी खाऊन येतो. कवा कवा निस्ता चा."

मी सुभेदारांच्या मागे उभा होतो. मला तो शेवटचा सामना आठवला, पोटरी धरून बसलेला अस्लम आठवला, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बावीस वर्षांत मी प्रत्येक पोराला तू कुठं उभा राहतोस हे विचारलं. तू काय खाल्लंस हे एकदाही विचारलं नाही. पण माणसाचा अहंकार फार चिवट असतो. घरी येईपर्यंत मी स्वतःला समजावलं की खाण्यापिण्याचं बघायला आया-बायका असतात, तो काही फुटबॉल नव्हे.

मग सुरू झाली पळापळ. आगाशिवाच्या डोंगरावर चढायचं आणि उतरायचं, परत चढायचं. सुभेदार सगळ्यांच्या पुढे, आणि वर ओरडणार, "तेज चल! दम लागला तर तोंड मिट, नाकानं घे!" मोबाईलवर संघाचा गट होता, त्यावर मी पूर्वी डावांची चित्रं टाकायचो. आता तिथं रोज कोण किती पावलं चालला याचे आकडे पडायला लागले. पोपट दुधाच्या गाडीवरून हिंडताना फोन हलवत बसतो, अशी तक्रार आली. सुभेदारांनी त्याला दुसऱ्या दिवशी गाडीशिवाय दूध गोळा करायला लावलं.

एकदा त्यांनी पोरांना उसाच्या मोळ्या डोक्यावर देऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. मैदानाच्या कडेला एका पोराचे वडील उभे होते. बराच वेळ बघून ते सुभेदारांकडे आले. "सायेब, हेला घरात मोळी उचल म्हटलं की कंबार दुकती. हितं बरा पळतूय. आवं, पळवायचंच हाय तर माज्या फडातनं पळवा की. टॅक्टरचा टेलर हुबा हाय." दुसरा कुणी असता तर हसून सोडून दिलं असतं. सुभेदारांनी क्षणभर विचार केला आणि सगळा संघ फडात नेला. दुपारपर्यंत ट्रॉली भरली. त्या आठवड्यात आणखी तीन शेतकरी सरावाची चौकशी करून गेले.

माझं काय चाललं होतं? मी संध्याकाळी पोरांना घरी बोलवायचो. पाट मांडायचा, चिंचोके मांडायचे आणि डाव समजावायचे. पहिल्या संध्याकाळी दहा मिनिटं बोललो आणि वर बघितलं तर अख्खा संघ भिंतीला टेकून झोपला होता. पोपट घोरत होता. बायको स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, "शाळंत शिकवत हुता तवाबी असंच व्हायचं म्हणं." आणि तिनं सगळ्यांवर सतरंज्या घातल्या. मी मात्र पाटासमोर बसून एकट्यानंच समोरच्या संघावर चार गोल केले.

हंगामाचा पहिला सामना आम्ही तीन गोलांनी हरलो. काय सांगू तुम्हाला तो सामना! आमची पोरं वाऱ्यासारखी पळत होती. चेंडू जिकडे, तिकडे आमचे दहा जण समोरच्यांच्या आधी हजर. बाकीचं सगळं मैदान मोकळं. समोरचे तिकडे चेंडू टाकायचे आणि आरामात गोल करायचे. सामना संपल्यावर मी कपाळाला हात लावून बसलो होतो, आणि सुभेदार छाती काढून आले. "सर, बगितलं? दमला का कोन?"

"तीन गोल खाल्ले की हो."

"त्ये खरं. पन दमला का कोन?"

खरंच कोणी दमलं नव्हतं. चांगल्या तरतरीत तोंडानं सगळे हरून आले होते. पुढच्या आठवड्यात आमचं कडाक्याचं वाजलं. मी म्हटलं, तुम्हाला बैल हवेत, खेळाडू नकोत. ते म्हणाले, तुम्हाला चिंचोके हवेत, माणसं नकोत. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आबांनी दोघांना बोलावून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मंगल कार्यालयवाले कालबी आलते." दोघांचेही आवाज खाली आले.

तेव्हापासून तडजोड झाली. बचाव माझा, बाकी सगळं त्यांचं. कधी त्यांच्या दमावर जिंकायचो, कधी माझ्या डावावर बरोबरी साधायचो, आणि बऱ्याचदा दोन्ही असून हरायचो. असं करत शेवटच्या सामन्यापर्यंत आलो. हिशेब अगदी सोपा होता. बरोबरी झाली तर आम्ही वरच्या गटात राहणार. हरलो तर खाली, आणि पुढच्या वर्षी आमच्या मैदानावर वरातीच्या गाड्या.

शेवटचा सामना होता कृष्णेपलीकडच्या एका गावात, इथून आठ किलोमीटरवर. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढच्या प्रकाराला तिथले लोक पाहुणचार म्हणतात आणि मलाही तसंच म्हणायचं आहे. सामन्याचा दिवस नेमका यात्रेचा खारा दिवस. आमच्याकडे यात्रेत पालखीच्या दिवशी गोडाचा नैवेद्य आणि दुसऱ्या दिवशी घरोघर बकरी. त्या दिवशी गावात पाऊल टाकणारा कोणीही उपाशी जात नाही. वैरी आला तरी आधी ताट, मग भांडण.

सुभेदारांना हे माहीत नव्हतं असं नाही. हे गाव म्हणजे त्यांची सासुरवाडी! पण त्यांना आपल्या शिस्तीवर विश्वास होता. निघताना टेम्पोत त्यांनी सगळ्यांना शपथ घातली. अकरा वाजता प्रत्येकी दोन केळी, गूळ-शेंगदाणे, आणि सामना होईपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. "जेवायला कुनी बलावलं तर हात जोडायचं. यकच वाक्य, आमी खेळून जेवतो."

दीडच्या सुमाराला गावात पोचलो. वेशीवर हलगी, फेटे, गुलाल. सरपंचांनी आमचं स्वागत केलं आणि आम्हाला काही कळायच्या आत संघाची वाटणी झाली. एका घरी दोघे, दुसऱ्या घरी दोघे. पाच मिनिटांत सुभेदारांच्या हाताखाली एकही माणूस उरला नाही. इकडे-तिकडे बघत होते तेवढ्यात त्यांच्या मेव्हण्यानं येऊन त्यांचाच हात धरला. "दाजी, चला. आये कवाधरनं वाट बगतीया."

"आमी खेळून जेवतो," सुभेदार म्हणाले.

"तुमी कुटं खेळताय?"

सुभेदारांनी मला सोबत ओढलं. सोप्यात ताटं मांडलेली होती, रस्स्यावर बोटभर तवंग. सासूबाई दारामागून म्हणाल्या, "जावायबापू, यात्रंला चार वर्सांनी आलायसा. दोन घास गोड मानून घ्या." दोन घासांनी सुरुवात झाली. मेव्हणा भाकरी मोडून ताटात टाकत होता. "बास, पुरं," असं सुभेदार तीनदा म्हणाले, आणि तिन्ही वेळा पळीभर मटण वाढलं गेलं. ज्या माणसानं सहा महिने पोरांच्या तोंडातला वडापाव काढून घेतला, तो माझ्या डोळ्यांदेखत घामाघूम होऊन चौथी भाकरी चुरत होता. मीही मागे नव्हतो. मला तर कुणी शपथही घातली नव्हती.

बाहेर पडलो तेव्हा एकेका घरातून आमचे खेळाडू बाहेर येत होते. चालणं सगळ्यांचं सारखं, पाय फाकून, सावकाश, एक हात पोटावर. सुभेदार कडाडले, "किती खाल्लंस रं पोपट?"

"आजी रडाय लागली वो साहेब. म्हंली माजा नातू पुन्याला असतो, त्येच्या जागी तू खा. मग दोघांचं खाल्लं."

मला एकच आशा होती. मी अस्लमला बाजूला घेऊन विचारलं, "तू तरी नाही ना खाल्लंस? तुला तर हलालची सबब होती."

"कसली सबब सर? बकरी आमच्या चुलत्यानंच कापल्याली. गावचं मुलानी त्येच हायत. त्येंच्या घरी खाल्लं, मग शेजाऱ्यांनी वडून न्हेलं, त्येंच्याकडंबी खाल्लं."

सुभेदार एका दगडावर बसले. मी त्यांना इतकं खचलेलं कधी बघितलं नव्हतं. सहा महिन्यांचा घाम एका जेवणात बुडाला होता. "सर," ते म्हणाले, "संपलं. ही आता पळत न्हाईत."

चार वाजता सामना सुरू झाला आणि दोन मिनिटांतच एक चमत्कार ध्यानात आला. समोरचा संघही पळत नव्हता! पाहुण्याला एकट्याला जेवायला बसवायचं नाही, ही आमच्या भागाची रीत. त्यामुळे त्यांचा प्रत्येक खेळाडू आमच्या खेळाडूशेजारी बसून, त्याला आग्रह करत, त्याच्याइतकंच जेवला होता. मैदानावर बावीस जण सुस्त अजगरासारखे. कोणी चेंडू लाथाडला की त्याच्यामागे कोणी जाईना, सगळे एकमेकांकडे बघायचे. पंचांनाही सरपंचांनी सोडलं नव्हतं. ते मैदानाच्या मध्यभागी उभे राहून लांबूनच शिट्टी वाजवत होते. प्रेक्षक हसून हसून लोळत होते. हलगीवाला तेवढा जोरात होता, बहुतेक त्याचं जेवण व्हायचं होतं.

हसता हसता आम्ही गोल खाल्ला. चेंडू अगदी सावकाश, घरंगळत पोपटाकडे आला. पोपट वाकायला गेला आणि वाकता येईना. चेंडू त्याच्या पायांमधून, घाई न करता, आत गेला. माझं हसू तिथंच थांबलं. मैदानाच्या कडेला सामना बघायला आलेले आबा उभे होते, त्यांनी तोंड फिरवलं.

मध्यंतरात पोरं गवतावर आडवी पडली. सुभेदार माझ्याजवळ आले. आवाज अगदी हळू. "सर, आता तुमचं. म्या काय सांगणार ह्यांस्नी? पळा म्हणलं तर वकतील."

पाट घरी होता. समोर खेळण्या-खाऊच्या दुकानांची रांग होती, तिथून मी मूठभर बत्तासे आणि मूठभर शेवकांडी आणली. जमिनीवर मांडली. बत्तासे आमचे. आयुष्यात पहिल्यांदा माझा संघ झोपलेला नव्हता, कारण पोटामुळे झोपही येत नव्हती. मी म्हटलं, "कोणी पळायचं नाही. चेंडूला पळू दे, त्यानं काही खाल्लेलं नाही. दहा पावलांवर एकेक जण उभा राहा. आपल्यातल्या आपल्यात चेंडू फिरवत राहायचा. त्यांना त्याच्यामागे येऊ दे. अस्लम, तू त्या तिकडच्या टोकाला जाऊन नुसता उभा राहा. श्वाससुद्धा जपून घे. मी हात वर केला की मग."

"कवा करणार सर?"

ते मला माहीत नव्हतं. मी सुभेदारांकडे बघितलं. ते डोळे बारीक करून समोरच्या संघाकडे बघत होते. "त्ये म्या सांगतो," ते म्हणाले.

दुसरा अर्धा सुरू झाला. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. समोरचे पुढे होते, ते तसेच उभे राहिले असते तरी चाललं असतं. पण घरची यात्रा, घरचे प्रेक्षक, आणि प्रेक्षक ओरडायला लागले, "आरं जावा की अंगावर!" मग ते चेंडूमागे जायला लागले. गेले की चेंडू दुसरीकडे. माझा पाटावरचा डाव बावीस वर्षांनी पहिल्यांदा जसाच्या तसा मैदानावर चालला होता आणि मला तो नीट बघताही येईना, कारण डोळे भरून येत होते. पस्तीस-चाळीस मिनिटं गेली. सुभेदार माझ्या शेजारी उभे. ते चेंडूकडे बघतच नव्हते. ते माणसांच्या छात्या बघत होते.

"बगा सर," ते कुजबुजले. "त्येंचा डावा बचाव कंबरंवर हात ठिवून वाकलाय. आन् आपली बगा. तोंडं मिटल्यात. नाकानं घेत्यात. जेवान जिरलं आपल्या पोरांचं. डोंगुर कामाला आला." आणि मग माझा दंड धरून, "करा हात वर!"

मी हात वर केला. पोपटानं दुधाचे कॅन फेकायच्या हातानं चेंडू थेट मैदानाच्या मध्यापर्यंत फेकला. तिथून एक पास, दुसरा पास, आणि तिकडच्या टोकाला चाळीस मिनिटं खांबासारखा उभा असलेला अस्लम सुटला. दोन घरची जेवणं पोटात घेऊन तो जो पळाला! वाकलेला बचावपटू त्याच्याकडे नुसता बघत राहिला. सुभेदार ओरडत नव्हते, मीही ओरडत नव्हतो, आम्ही दोघं एकमेकांचे दंड धरून उभे होतो. चेंडू खांबाला लागला आणि आत गेला.

पुढच्या पाच-सहा मिनिटांचं मला काही आठवत नाही. शिट्टी झाली, एक-एक बरोबरी. आबा फेटा हवेत उडवत मैदानात आले आणि मंगल कार्यालयवाल्यांना तिथूनच फोन लावला. यजमान गावाची पोरंही आमच्याबरोबर नाचत होती. त्यांना बरोबरीचं काही वाटत नव्हतं. रात्री परत जेवायला थांबा म्हणून त्यांचा हट्ट सुरू झाला, तसे आमचे सगळे घाबरून टेम्पोकडे सरकले.

मी अस्लमला गाठलं. म्हटलं, "त्या सामन्यात मी तुला सगळ्यांसमोर बोललो. तुझ्या पोटरीत गोळा आला होता, तू उपाशी होतास. मी विचारायला पाहिजे होतं. चुकलं माझं." तो लाजला. "जाऊ द्या की सर. त्ये म्या कवाच इसरलो." तो विसरला असेलही. मला मात्र हे सांगायला तीन वर्षं लागली याचं वाईट वाटतं.

टेम्पोत चढणार तोच सुभेदारांचा हुकूम आला. पिशव्या टेम्पोतून पुढं जातील, संघ चालत. आठ किलोमीटर! पोरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "साहेब म्हणतात ते बरोबर आहे, जिरवायला पाहिजे." आणि मीही चालत निघालो. बायकोला अजून हे खरं वाटत नाही.

दिवस मावळत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. सुभेदार आणि मी पुढे, संघ मागे दोन-दोनच्या ओळीत. सुभेदार विचारत होते, तो दहा पावलांचा हिशेब काय, नऊ का नाही, अकरा का नाही. मी विचारत होतो, माणसाच्या छातीवरून त्याचा दम कसा ओळखायचा. ते मधेच थांबून रस्त्यावर काठीनं माझा डाव काढायचे, मी मधेच थांबून नाकानं श्वास घेऊन दाखवायचो. बोलायचे आम्ही दोघं एकदमच, आणि कोणी कोणाचं ऐकत होतं असंही नाही. साखर कारखान्याचा वजनकाटा गेला, फाटा गेला, असं करत चांगले दोन-अडीच किलोमीटर गेलो असू. मग एकाएकी रस्ताच संपला. समोर कृष्णा, काठावर पाणी उपसायच्या मोटरींची खोली, आणि तिच्या दाराला कुलूप.

आम्ही फाट्यावर वळायचं तिकडे वळलोच नव्हतो. मागे बघितलं. अख्खा संघ दोन-दोनच्या ओळीत, दहा-दहा पावलांचं अंतर राखून, तोंडं मिटून शांत उभा होता.

"अरे," मी ओरडलो, "तुम्हाला रस्ता माहीत नव्हता का?"

"म्हाईत हाय की सर," अस्लम म्हणाला. "जलमापासनं म्हाईत हाय."

"मग फाट्यावर बोलला का नाहीस?"

अस्लमनं पोपटाकडे बघितलं, पोपटानं अस्लमकडे. मग अस्लम अगदी अदबीनं म्हणाला, "निम्म्यांस्नी वाटलं ह्यो डाव हाय, आन् निम्म्यांस्नी वाटलं व्यायाम हाय."